फौजेतून घरी

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)

बंधूंनो, आणि मागे दारापाशी बसलेल्या आयाबहिणींनो, जरा पुढे सरका. आजचा विषय निम्मा तुमचाच आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यात ज्या गावचा एकही माणूस फौजेत गेला नाही, असे गाव क्वचितच सापडेल. अपशिंगे गावाचे नाव तुम्ही ऐकले आहे. लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिले महायुद्ध १९१४ पासून १९१८ पर्यंत चालले. त्या युद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. गावात त्यांचे स्मारक आहे. तिथली मुले आजही भरतीला जातात.

पोरगा फौजेत जातो कसा, हे आपल्याला पाठ आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर पळतो. भरतीत निवडला गेला की आई औक्षण करते आणि गाव एस. टी. पर्यंत पोचवायला जाते. तो परत येतो तेव्हाही आता मोठा थाट असतो. फुलांनी सजवलेली जीप, हलगी, फटाके, चौकात सत्कार, शाल आणि नारळ. हे चांगलेच आहे. गावाने मान द्यावा. पण मंडळी, मिरवणूक एका संध्याकाळची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस उठतो, अंगणात येऊन बसतो, आणि त्याला कळत नाही की आज करायचे काय. मला आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या दिवसाबद्दल.

त्याचे वय बघा. अठरा-वीसचा असताना तो गेला. पंधरा वर्षे नोकरी झाल्याशिवाय साध्या जवानाला पेन्शन बसत नाही. कोणी पंधरा वर्षे करतो, कोणी सतरा, कोणी वीस. म्हणजे घरी येतो तेव्हा तो पस्तीस-चाळिसाचा असतो. आम्ही मास्तर लोक अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसलो. तेव्हा गुडघे दुखत होते आणि बसावेसेच वाटत होते. त्याचे तसे नाही. त्याच्या अंगात बळ आहे, मुले अजून शाळेत आहेत, आणि पुढचे निम्मे आयुष्य शिल्लक आहे. गाव मात्र त्याला म्हातारा पेन्शनर समजून पारावर जागा करून देते.

आता त्याहून लहान मुलेही परत येणार आहेत. २०२२ साली सरकारने अग्निपथ योजना काढली. तिचा नियम असा ठरला, की चार वर्षे नोकरी करायची. शंभरातल्या पंचविसांना पुढे ठेवून घ्यायचे, बाकीच्यांनी घरी यायचे. त्यांना पेन्शन नाही. सेवानिधी म्हणून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये एकदम हातात मिळायचे. बाविशी-पंचविशीतला पोरगा आणि हातात एवढी रक्कम! त्याला सल्ला देणारे कोण भेटतात, यावर त्याचे पुढचे सगळे ठरणार. तेव्हा हा विषय जुना होणारा नाही.

फौजेत सगळे ठरलेले असते. शिट्टी वाजली की उठायचे. जेवण लंगरात तयार. कुठे जायचे, काय घालायचे, कोणाला सलाम करायचा, सारे ठरलेले. शेजारी झोपलेला माणूस आपल्यासाठी जीव देईल ही खात्री. अशी पंधरा-वीस वर्षे काढलेला माणूस आपल्यात येतो. इथे ग्रामसभा दहाची म्हणून बाराला भरते. कोणी दिलेला शब्द पाळत नाही. ग्रामसेवक आज येतो म्हणतो आणि पुढच्या आठवड्यात येतो. याचे डोके तापते. तो चारचौघांत ओरडतो. लोक म्हणतात, "मेजर, ही पलटण न्हवं." आपल्याकडे शिपाई असो की सुभेदार, सगळ्यांना मेजरच म्हणतात. तो मान असतो, आणि कधी कधी टोमणाही असतो.

खरे तर दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. गाव म्हणजे पलटण नव्हे, हे त्याने शिकायला पाहिजे. पण दहा म्हणजे दहा, हे आपणही शिकलो तर काय बिघडेल?

आता घरातली गोष्ट. ही मी सावकाश सांगणार आहे, कारण ती कोणी सांगत नाही.

नवरा फौजेत गेला की घर कोण चालवते? बायको. सासू-सासऱ्यांचे दुखणे तिने काढलेले असते. मुलांना शाळेत तिनेच घातलेले असते. पेरणी, खत, सोसायटीचे कर्ज, वीजबिल, सगळे तीच बघते. मी शाळेत नवा होतो तेव्हा घरोघरी मनीऑर्डरी येत. पत्रे येत. ती पत्रे घेऊन बायका माझ्याकडे वाचायला येत. नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र परक्या मास्तराने मोठ्याने वाचायचे! ती पदर तोंडाला लावून खाली बघत बसे. काय वाचायचे आणि काय मनातच वाचायचे, हे मला बघावे लागे. "गुरुजी, एवढंच लिव्हलंय?" असे एकीने विचारले होते. मी पत्र तिच्या हातात दिले आणि म्हटले, "बाकीचं तू वाचायला शीक." ती शिकली. चार महिन्यांत अडखळत अडखळत वाचू लागली. पुढे ती उत्तरही स्वतःच लिहू लागली. आता फोनवर तोंड दिसते, पत्राचे काम उरले नाही. पण बँकेचा कागद फोनवर वाचता येत नाही.

तर अशी बाई पंधरा वर्षे घरची कारभारीण असते. आणि एक दिवस नवरा कायमचा घरी येतो. तो पहिल्या आठवड्यातच सगळा कारभार हातात घेतो. पासबुक माझ्याकडे दे, उसाचे बिल मी आणतो, पोरीला अमुक शाळेत घालू. त्याला वाटते आपण तिचे ओझे उतरवतो आहोत. तिला वाटते आपल्याला बाजूला सारले. मुलांनी तर बापाला वर्षातून दोन महिने पाहिलेले. पाहुण्यासारखा बाप. तो रांगेत उभे राहा म्हणतो, आणि मुले आईच्या मागे लपतात. भांडणे इथून सुरू होतात. दोघांतही खोट नसते, आणि तरीही भांडण होते.

माझे मत विचाराल तर सांगतो. पहिले वर्षभर कारभार तिच्याकडेच राहू द्यावा. त्याने तिच्याबरोबर बँकेत जावे, बाजारात जावे, बघावे. शेतातले कोणते रान पाणी धरते हे तिला माहीत आहे, त्याला नाही. आणि सासूबाई, तुम्हालाही सांगतो. लेक घरी आला म्हणून सुनेच्या चुगल्या पहिल्याच दिवशी सांगायला बसू नका.

आता पैशाचे. फौजी घरी येतो तेव्हा फंड, ग्रॅच्युइटी, विमा असे मिळून बरेच पैसे एकदम येतात. काही जण पेन्शनचा काही भाग विकतात. म्हणजे तेवढी रक्कम आज एकदम मिळते आणि दरमहाची पेन्शन तेवढी कमी होते. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. हे ज्याला समजले नाही, तो पेन्शन कमी आली म्हणून घाबरतो.

पैसा आल्याची बातमी गावात कशी पसरते देव जाणे. पहिला येतो भाचा, त्याला दुकान टाकायचे असते. मग येतो दामदुप्पट करून देणारा. मग प्लॉटवाला एजंट. आमच्या भागातल्या एका नाईकाने भागीत जुना जे. सी. बी. घेतला. पैसे त्याचे आणि कागदावर नाव भागीदाराचे. यंत्र कुठे आहे ते आज कोणाला माहीत नाही. नाईक मात्र रोज सकाळी पुण्याच्या बसने कामाला जातो. सीमेवर शत्रू कुठून येईल हे त्या माणसाला अंधारात कळत असे. पण इथला शत्रू चहा पाजतो आणि पाहुणा म्हणून येतो.

म्हणून मी सांगत असतो, सहा महिने पैशाला हात लावू नका. बँकेत किंवा पोस्टात ठेवा. कोणी विचारले तर म्हणा, "बायकोला विचारतो." हे वाक्य फार उपयोगी आहे. आणि सही करायच्या आधी कागद वाचा. सगळा वाचा. वाचता येत नसेल तेवढा शब्द बाजूला खूण करून ठेवा आणि विचारा. घाई करणाऱ्या माणसाच्या कागदावर तर मुळीच सही करू नका.

जमिनीचेही तसेच. फौजी लांब असताना बाप वारतो. इकडे भाऊ वारसाची नोंद करून घेतात. कधी विसरून, कधी मुद्दाम, याचे नाव सातबाऱ्यावर येत नाही. हा दहाव्या वर्षी घरी येऊन सातबारा काढतो आणि भावाच्या उरावर बसतो. तेव्हा सुट्टीवर आलेल्या फौजीने पहिले काम हे करावे, तलाठ्याकडून सातबारा घ्यावा आणि आपले नाव आहे का ते बघावे. भावावर अविश्वास दाखवायचा नाही. नुसते बघायचे.

आता कागदांची गोष्ट सांगतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची चाल आहे. माहेरची तारा सासरी लक्ष्मी होते. तांदळात नाव लिहिले, पेढे वाटले, झाले. एका हवालदाराच्या बायकोचे असेच झाले. पलटणीच्या कागदात नवऱ्याने लिहिले माहेरचे नाव, कारण तेच त्याच्या तोंडात होते. आधार कार्डावर आले सासरचे नाव. नवरा होता तोवर काही अडले नाही. तो हृदयविकाराने गेला. कुटुंब-पेन्शनसाठी ती गेली, तर कागद म्हणतो हवालदाराची बायको तारा, आणि समोर उभी लक्ष्मी. तुम्ही तीच, हे कशावरून? पंधरा वर्षे त्याच घरात राबलेली बाई, तिला आपण आपल्याच नवऱ्याची बायको आहोत हे सिद्ध करायला सांगितले. सरपंचाचा दाखला झाला, प्रतिज्ञापत्र झाले, माहेरच्या शाळेचा दाखला आणला, तो मीच तिकडच्या हेडमास्तरांना पत्र लिहून मागवला. दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत तिने दोन्ही म्हशी विकल्या. शेवटी पेन्शन सुरू झाली, मागची बाकीही मिळाली. म्हशी काही परत आल्या नाहीत.

एका अक्षराने एवढे होते. नवऱ्याचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पी. पी. ओ., आधार कार्ड, बँकेचे पासबुक, हे सगळे एकापुढे एक मांडा आणि नावे ताडून बघा. जन्मतारखा ताडून बघा. मुलांची नावे आहेत का बघा. फरक असेल तर नवरा हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. फौजीच्या एका अर्जाने जे होते, त्याला विधवेला दहा हेलपाटे पडतात. बँकेचे खाते नवराबायकोच्या दोघांच्या नावाने असू द्या. पेन्शनचे काम आता स्पर्श नावाच्या संगणकाच्या व्यवस्थेतून चालते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पेन्शन थांबते, आणि म्हातारा माणूस म्हणतो सरकारने बंद केली.

हे सगळे विचारायचे कुठे? साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. बऱ्याच जिल्ह्यांत असे कार्यालय आहे. माजी सैनिकाचे आणि विधवेचे ओळखपत्र तिथे होते. मुलांच्या शिष्यवृत्तीची माहितीही तिथेच मिळते. मधला माणूस धरू नका, पैसे देऊ नका. औषधपाण्यासाठी २००३ पासून ई. सी. एच. एस. ही योजना आहे. तिचे कार्ड काढले की फौजीला आणि त्याच्या बायकोला दवाखाना मिळतो. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतही २०२० पासून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना माफी आहे. पण अर्ज करावा लागतो. अर्ज न करता घरपट्टी भरणारे आणि मग ग्रामपंचायतीला शिव्या देणारे दोन जण माझ्या शेजारीच आहेत.

नोकरीचे थोडक्यात सांगतो. राज्य सरकारच्या क आणि ड वर्गाच्या नोकऱ्यांत शंभरात पंधरा जागा माजी सैनिकांसाठी असतात. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे नोकरी केलेल्या फौजीला क वर्गातल्या राखीव जागांसाठी पदवीधराबरोबर धरतात. हे पुष्कळांना ठाऊक नसते. फौजेतून सुटण्याआधी सरकारतर्फे कामधंद्याचे शिक्षणही देतात, ते सोडू नये. पहाऱ्याची नोकरी वाईट असे मी म्हणणार नाही. पण ज्याने पंधरा वर्षे वायरलेस चालवले, मोटारी दुरुस्त केल्या, जखमींची शुश्रूषा केली, त्याने एटीएमच्या दाराशी स्टुलावर बसून राहावे, हे बघवत नाही.

आता जे दिसत नाही त्या दुखण्याबद्दल बोलू. पाय तुटला तर तो दिसतो. मन दुखावले तर दिसत नाही. आमच्या गावी एक सुभेदार आहेत. कारगिलची लढाई १९९९ साली झाली, तेव्हा ते तिकडे होते. माणूस देवासारखा. पण दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की ते जमिनीवर आडवे होतात. पोरे हसत. मुद्दाम त्यांच्या दारात फटाके लावत. मी पोरांना गोळा केले आणि विचारले, "तुमच्या शेजारी बसलेला दोस्त आवाज झाल्याबरोबर मेलेला तुम्ही पाहिलाय का?" पोरे गप्प झाली. त्यानंतर त्या दारात फटाका वाजला नाही.

रात्री झोप न लागणे, दचकून उठणे, एकाएकी राग येणे, माणसांत नको वाटणे, हे वेड नव्हे. ते दुखणे आहे, आणि त्याला डॉक्टर आहे. १४४१६ हा फोन नंबर लिहून घ्या. मनाच्या त्रासासाठी सरकारने २०२२ साली तो सुरू केला. फुकट आहे, मराठीत बोलता येते. देवऋषीकडे जाणारे जातात, मी त्यांच्याशी भांडत नाही. देवाला जा, पण डॉक्टरकडेही जा. आणि त्याला कधी विचारू नका, "मेजर, किती मारले?" त्याला सांगावेसे वाटले तर तो सांगेल. नाही सांगितले तर शेजारी नुसते बसा.

याच दुखण्यावर काही जण दारूचे औषध घेतात. इथे गावाचाही दोष आहे. फौजीला कॅन्टीनचे कार्ड असते. त्यावर साबण, तेल, भांडी स्वस्त मिळतात आणि दारूही ठरावीक मिळते. गावात तो आला की बाटली मागणारे वीस जण येतात. "मेजर, एक रमची बघा की." कार्डावरची दारू विकणे हा गुन्हा आहे. पण नाही म्हटले तर हा शहाणा झाला म्हणतात. मग तो बाटली आणतो, ती फुटते, आणि बसलेल्यांत तोही बसतो. बाटली मागायला वीस जण येतात. झोप लागते का हे विचारायला किती जण येतात, ते तुम्हीच मोजा.

परत आलेल्या माणसांनी काय केले, तेही बघू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार फौजी शाळेत शिकवीत. १८९४ साली ते पेन्शनीत निघाले. पुढे कुटुंब साताऱ्याला आले. पैसा बेताचा होता, तरी मुलाच्या पुस्तकांसाठी त्यांनी लेकीचा दागिना गहाण टाकला, ही गोष्ट चरित्रात आहे. आण्णा हजारे १९६५ च्या लढाईत खेमकरणला फौजेची गाडी चालवत होते. १९७५ साली ते राळेगणसिद्धीला परत आले. गाव दुष्काळी, दारूच्या भट्ट्यांनी पोखरलेले. त्यांनी आपले पैसे मोडक्या देवळाच्या दुरुस्तीला घातले, माणसे जमवली, आणि मग बांध, नाले, पाणी अशी कामे गावाने केली. नंतरच्या राजकारणाबद्दल ज्याचे त्याचे मत असो. राळेगणचे पाणी खरे आहे.

आणि आपले मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे झाले. डॉक्टरांनी उपचार म्हणून पोहायला सांगितले. ते पोहत राहिले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धा झाल्या. तिथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी सोन्याचे पदक घेतले, तेही विक्रम करून. त्या स्पर्धांत एकट्याने सोने जिंकणारे ते पहिले भारतीय. ही गोष्ट सांगताना छाती फुगते खरी, पण पुढचेही सांगितले पाहिजे. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. १९७२ पासून २०१८ पर्यंत किती वर्षे झाली, ही वजाबाकी पाटीवर करून बघा.

जखमी जवानांसाठी १९१७ साली सुरू झालेली एक तांत्रिक शिक्षणाची संस्था पुण्याजवळ खडकीला आहे. तिथे हातपाय गमावलेल्यांना धंदा शिकवतात. पाठीचा कणा दुखावलेल्यांसाठी खडकीलाच वेगळे केंद्र आहे. तिथे काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे पैसे शाळेत गोळा होतात, ते अशा कामांना आणि जवानांच्या कुटुंबांना जातात. ही प्रथा १९४९ पासून आहे. पुढच्या वेळी मूल दहा रुपये मागेल तेव्हा कुरकुर करू नका.

आपल्या गावात काय करता येईल? फार मोठे काही नको. मी शाळेत असताना एका माजी हवालदाराला शनिवारी सकाळी मुलांची कवायत घ्यायला बोलावले. पगार नव्हता, नुसता चहा. पहिल्या शनिवारी पाचवीतली पोरे रडकुंडीला आली, इतका तो ओरडला. दुसऱ्या शनिवारी कमी ओरडला. दिवाळीपर्यंत पोरे त्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणू लागली. आज भरतीला जाणाऱ्या मुलांची पहाटेची धाव तोच घेतो, आणि आता मुलीही येतात. त्याची बायको मला म्हणाली, "गुरुजी, शुक्रवारी रात्री लवकर झोपत्यात. सकाळी उठायचं असतंय न्हवं."

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी याच खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी डिस्चार्ज बुक आणि पी. पी. ओ. आहे त्यांनी ते घेऊन यावे. आधार कार्ड आणि पासबुकही आणा. नावे तुम्हीच मोठ्याने वाचायची, मी फक्त ऐकणार. ज्यांचे नवरे अजून फौजेत आहेत त्यांनीही यावे. ज्या घरी बाई एकटीच आहे तिथे शेजारणीने निरोप पोचवावा. पावसाचे दिवस आहेत, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा. आणि नऊ म्हणजे नऊ. मेजर मंडळी येणार आहेत.